अर्ध्यातून परत फिरता आलं पाहिजे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बाळाला घेऊन करायच्या प्रवासाची तुझी यादी मिळाली. चार दिवस, अकरा ठिकाणं, प्रत्येकाच्या उघडण्या-बंद होण्याच्या वेळा, एकमेकांमधली अंतरं, सगळं नीट मांडलेलं. खाली एकच प्रश्न: "मावशी, यातलं काय कापू?" आणि त्याच्याही खाली, बहुधा रात्री उशिरा लिहिलेलं, की बायको म्हणते जाऊच नको, आई म्हणते एवढ्या लांब जायचं तर सगळं बघून येऊ, आणि तुला दोघींचंही पटतं. ते वाचल्यावर मला झोप आली नाही. यादीतल्या सातव्या ओळीमुळेही आली नाही. त्या ओळीकडे शेवटी येते.

काही कापू नकोस. आधी प्रत्येक ओळीपुढे एक रकाना आख आणि त्यात लिही: इथून अर्ध्यातून परत फिरायचं झालं तर कसं फिरणार आणि मुक्कामावर किती वेळात पोचणार. बस, एवढंच. जिथे हा रकाना भरता येणार नाही ती ठिकाणं आपोआप गळतील. बाळाला घेऊन मोठ्या शहरात जाताना मला एकच नियम माहीत आहे, तो मी दोन लेकरांवर शिकले, आणि तो तुला पन्नासदा सांगेन: अर्ध्यातून परत फिरता आलं पाहिजे.

तुझा लेक सात महिन्यांचा. या वयात बाळं दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोपतात आणि एका दमात दोन-अडीच तास, फार तर तीन तास जागी राहतात. आता तुझ्या पहिल्या दिवसाचा हिशेब कर. बाळ उठलं, त्याचं पोट भरलं, कपडे बदलले, पिशवी भरली, की पाऊण तास गेला. मुक्कामापासून ते पहिलं संग्रहालय पाऊण तास, हे तूच लिहिलं आहेस. म्हणजे तुम्ही दारात पोचाल तेव्हा त्याच्या जागेपणाचा बराचसा भाग संपलेला असेल, आणि तुझ्या कागदावर तिथे दोन तास आहेत. त्यापुढे लगेच बाग, पुढे बाजार. ही यादी तू स्वतःच्या पायांचा विचार करून केली आहेस. पाय तुझे दमणार नाहीत हे मला माहीत आहे.

थोरली आठ महिन्यांची असताना आम्ही अशाच एका मोठ्या शहरात गेलो होतो. तिथला उंच मनोरा बघायचाच असं यांनी ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही. रांग दोन तासांची होती. ऊन होतं म्हणून मी बाबागाडीवर माझी ओढणी पसरली, चारी बाजूंनी खोचली. आत थोरली झोपली. मागे-पुढे उभे असलेले लोक म्हणाले, किती शहाणं बाळ आहे, आवाजसुद्धा नाही. मला अभिमान वाटला. रांगेच्या मध्यावर यांनी एकदा विचारलं, परत जाऊ या का? मी म्हटलं, आता इतकं थांबलोच आहोत. वर गेलो, खालचं शहर बघितलं, फोटो काढले. खाली उतरून ओढणी काढली तेव्हा ती झोपलेली नव्हती, गळून गेली होती. अंग तापलेलं, ओठ सुकलेले, सकाळी घातलेला डायपर कोरडा. ती रात्र दवाखान्यात गेली. बरी झाली ती, आज तिला स्वतःचं लेकरू आहे. पण "आता इतकं थांबलोच आहोत" हे वाक्य कुणीही उच्चारलं तरी मला अजून ती ओढणी दिसते.

सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हेच मोजून दाखवलं. उन्हाळ्यात बाबागाड्या बाहेर उभ्या करून आतलं तापमान बघितलं. वर कोरडं मलमल टाकलं की आतली हवा बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून जास्त तापली. तेच कापड ओलं करून टाकलं आणि जोडीला छोटा पंखा लावला, तर आत चार अंशांहून जास्त गार झालं. मी ते वाचलं आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. माझी ओढणी कोरडी होती. तेव्हा, बाबागाडीवर कोरडं कापड टाकायचं नाही. टाकलंच तर ओलं, हवा खेळायला एक बाजू मोकळी, आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा ओलं करायचं. दमट हवेत त्याचाही भरवसा धरू नकोस, कारण पाणी उडून गेलं तरच गारवा येतो. दुपारचे तीन-चार तास उन्हात काढायचेच नाहीत. बाळाचं अंग आपल्यापेक्षा फार लवकर तापतं आणि त्याला आपल्यासारखा घाम येत नाही.

आता मुक्कामाबद्दल. तू शहराच्या कडेला जागा घेतली आहेस, मोठी खोली आहे म्हणून. बदल ती. खोली लहान चालेल, पण जिथे तुम्ही सर्वात जास्त वेळ काढणार त्या भागातच हवी, चालत किंवा एका गाडीने अर्ध्या तासात परत येता येईल अशी. बाळासोबतच्या प्रवासात खोली फक्त रात्रीसाठी नसते. दुपारी परत यायचं, त्याला त्याच्या अंथरुणावर झोपवायचं, आपण पाय पसरायचे, आणि वाटलं तर चारला पुन्हा निघायचं. दिवसाचे दोन तुकडे, मध्ये मुक्काम. एका तुकड्यात एकच ठिकाण. पैसे भरून झालेत असं सांगू नकोस मला. भरलेल्या पैशांमुळे माणसं अडून बसतात, आणि बाळाच्या बाबतीत असं अडून बसणं मला सहन होत नाही.

तिकिटांचंही तेच. अमुक वाजताच आत शिरा, उशीर झाला तर तिकीट गेलं, अशी जागा तुझ्या यादीत चार वेळा आहे. एक ठेव, तीही पहिल्या झोपेनंतरची. बाकीच्या जागा मोकळ्या प्रवेशाच्या असू देत. संग्रहालयात दार उघडतानाच जा, तेव्हा गर्दी नसते. त्याच दिवशी बाहेर पडून पुन्हा आत घेतात का, हे आधी विचार. बरीच संग्रहालयं घेतात, आणि ही एक सोय असली तर निम्मी काळजी मिटते. बाळ कुरकुरलं की एकाने त्याला घेऊन अंगणात यावं. सात महिन्यांच्या मुलाला दालनातल्या मूर्तीपेक्षा अंगणातलं कबुतर जास्त मोलाचं असतं, तेव्हा त्याचं काही बुडत नाही.

बाबागाडी कुठली न्यावी म्हणून तू विचारलंस. घडी घालून एका हाताने उचलता येईल ती. या घडीच्या गाडीची गोष्ट मला फार आवडते. ओवेन मॅक्लारेन नावाचा इंग्रज अभियंता होता, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला. त्याची मुलगी तान्ह्या नातीला घेऊन मॉस्कोहून भेटीला आली, आणि तिची त्या जड गाडीशी चाललेली झटापट बघून या आजोबांनी १९६५ मध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. वजन तीन किलोंच्याही आत. म्हणजे ज्या गाड्या आज जगभर ढकलल्या जातात त्यांचं मूळ बाळ घेऊन परगावाहून आलेल्या एका लेकीच्या हालांत आहे. जड, थाटाची गाडी असली की लिफ्ट बंद पडलेल्या स्टेशनवर तू अडकलास. हलकी असली तर जिना उतरलास, गाडीत बसलास, परत फिरलास. लिफ्ट कुठल्या दाराशी आहे ते निघण्याआधी बघून ठेव. सरकत्या जिन्यावर बाबागाडी चढवू नकोस, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

सोबत अंगाला बांधायचं कॅरिअर हवंच. त्यात बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, कारण टेकली की श्वासाची वाट दबते. टॅक्सीत कार सीट, पाठ पुढच्या दिशेला करून. मांडीवर घट्ट धरलंय म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. गाडी आदळली तर कुणाच्याही हातात तेवढं बळ नसतं. आणि त्या सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नकोस.

दुधाचं तुम्हाला माहीत असेल, तरी लिहिते. काढून ठेवलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी धर. पावडरचं कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, आणि बाळाने एकदा तोंड लावलं की तासाभरात. उरलेलं टाकायचं. दोन जादा कपडे बाळाचे घेशीलच, एक सदरा सूनबाईचाही घे. बाकी पिशवी हलकी ठेव.

परत फिरायचं कधी, हे मात्र नीट समजून घे, कारण इथेच सगळे चुकतात. बाळ रडू लागलं की निघू, असं म्हणशील तर उशीर झालेला असेल. रडणं ही शेवटची खूण. त्याआधी ते नजर चुकवतं, मान फिरवतं, डोळे चोळतं, कान ओढतं, पाठीची कमान करतं. मुक्काम अर्ध्या तासावर आहे, म्हणजे तुला अर्धा तास आधी उठायला हवं. ते हसत असताना, तुला अजून बघायचं असताना, आई म्हणत असताना की अगं दहाच मिनिटं. तेव्हा उठायचं. डायपर सहा तास कोरडा राहिला, तोंड सुकलं, टाळू आत गेलेली वाटली किंवा बाळ मलूल झालं, तर मुक्कामही नाही, थेट डॉक्टर. जवळचा दवाखाना पहिल्याच दिवशी हेरून ठेव.

आणि सूनबाई जाऊच नको का म्हणते, ते तिला विचारलंस का? मी सांगते. तिला शहर बघायचं नाही असं मुळीच नाही. तिला भीती आहे की तिथे ती "चला आता" म्हणेल आणि कुणी ऐकणार नाही. सगळ्यांचे चेहरे पडतील आणि दोष तिच्या माथी येईल. निघण्याआधी सगळ्यांसमोर ठरवून टाक की तिने चला म्हटलं की चर्चा नाही, का म्हणून विचारायचं नाही. एवढं कर आणि मग बघ ती येते की नाही.

आता सातवी ओळ. "तारांगण, आईसाठी."

धाकटा सहा महिन्यांचा होता तेव्हा आम्ही तुझ्या आजीला सोबत नेलं होतं. तिला तारांगण बघायचं होतं. काळोखात आकाश कसं फिरतं ते कुणीतरी तिला सांगितलं होतं आणि कित्येक वर्षं ती त्याबद्दल बोलत असे. संध्याकाळचा खेळ होता. आम्ही पोचलो, दार उघडायला वीस मिनिटं होती, आणि धाकट्याने मान फिरवायला सुरुवात केली. मी थोरलीच्या वेळची ओढणी विसरले नव्हते. म्हटलं, चला, परत. सगळे. माझी आई काही बोलली नाही. पदर सावरला आणि चालू लागली. दुसऱ्या दिवशी ते बंद होतं, तिसऱ्या दिवशी आमची गाडी. पुन्हा ती त्या शहरात गेली नाही.

ताईने, म्हणजे तुझ्या आईने, मला त्यावरून किती वेळा ऐकवलं आहे हे तुला माहीत आहे. तू लहान होतास, तुझ्यादेखतही ऐकवलं. मी दर वेळी तेच उत्तर दिलं: सहा महिन्यांच्या लेकराला मी अंधारात, त्या आवाजात, दमलेलं असताना नेलं नसतं. आजही नेणार नाही. माझं त्या दिवशी बरोबरच होतं. बाळ परत फिरायला हवं होतं आणि ते फिरलं. एकदा दवाखान्याच्या बाकावर रात्र काढलेल्या बाईला कुणी शिकवू नये की थोडं थांबली असतीस तर काय झालं असतं. हे मी ताईलाही सांगितलं आहे आणि तुलाही सांगते.

पण बाळासोबत जायला मी एकटी पुरे होते. हे तिथेच होते, त्यांना आईबरोबर आत जाता आलं असतं. मी धाकट्याला घेऊन एकटी मुक्कामावर आले असते तर काय बिघडलं असतं? सुचलंच नाही. आपण सगळे एकत्र आलो, म्हणून सगळे एकत्र परत, इतकंच डोक्यात. आई गेल्यावर कितीतरी वर्षांनी, भांडी घासताना, एकदम लक्षात आलं. ताईला हे मी आजवर बोललेले नाही.

म्हणून रकाना आखशील तेव्हा त्यात हेही लिही: परत कोण फिरणार. एक दिवस तू, एक दिवस सूनबाई, पाळीपाळीने. किल्ली दोघांकडे, पैसे दोघांकडे, फोन दोघांचे भरलेले. बाळाची पिशवी त्याच्याबरोबर, बाकीच्यांचं सामान वेगळं, म्हणजे रस्त्यात उभं राहून वाटण्या करायला नकोत. ताईच्या गुडघ्यांमुळे तिलाही कधी अर्ध्यातून फिरावंसं वाटेल, ती बोलणार नाही, तिच्याकडेही लक्ष ठेव.

तारांगणाची तिकिटं दोनच काढ, ताईचं आणि सूनबाईचं. तुझं नको. बाळाला कॅरिअरमध्ये बांधून त्यांना दारापर्यंत सोडायला जा. ताई मागे वळून म्हणेल, अरे तू पण चल, त्याला झोप लागेल आत. नाही म्हण. त्या दोघी आत जाऊन दार लागेपर्यंत तिथे थांब, आणि मग निघ.

तुझी,
मावशी