नवरात्राच्या उपवासात शुगरच्या गोळ्या बंद ठेवाव्यात का?

तुम्ही विचारलंय की आईंना दहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरतात, आणि शेजारीण म्हणते, "गोळ्या उष्ण पडतील, दसऱ्यापर्यंत बंद ठेवा." माझं अंबाजोगाईत मेडिकल आहे. योगेश्वरीच्या गावात मार्गशीर्षातही देवीचं नवरात्र असतं, त्यामुळे हा प्रश्न आमच्या काउंटरवर वर्षातून दोनदा येतो.

सगळ्या गोळ्या बंद करू नका आणि सगळ्या आहेत तशाच चालूही ठेवू नका. कोणती गोळी आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. अडचण तिथंच असते. बाया कापलेल्या पाकिटाचा तुकडा पुढे करतात, "ही पांढरी द्या" म्हणतात, आणि नाव छापलेला भाग आधीच्या दुकानात राहिलेला असतो. घरी पूर्ण पाकीट असेल तर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा.

त्यात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर आधी तिच्याकडे बघा. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी नेहमीसारखी घेतली आणि दिवसभर नुसत्या चहावर काढलं तर दुपारी हातपाय कापतात, दरदरून घाम सुटतो, माणूस बरळायला लागतो. घरचे म्हणतात, उपवासाने चक्कर आली. शुगर ७० च्या खाली गेली की ते साधी चक्कर समजून सोडून द्यायचं नसतं. डोस कमी करायचा की संध्याकाळच्या फराळावर न्यायचा, हे डॉक्टर सांगतील.

मेटफॉर्मिन त्या मानाने गरीब. यकृतातून रक्तात येणारी साखर ती कमी करते आणि एकटीच असेल तर शुगर सहसा धोकादायक उतरत नाही. अनाशापोटी घेतली तर मळमळ, जुलाब होतात, म्हणून फराळानंतर घ्यायची. पण आपल्याकडे बहुतेकांच्या चिठ्ठीवर ही आणि आधी सांगितलेली ग्लिमेपिराइड, दोन्ही एकाच गोळीत असतात, नावापुढे 'एम १', 'एम २' लिहिलेल्या. त्यातली एक सोडून दुसरी घेता येत नाही. काही जण गोळी मोडून अर्धी घेतात. ती एसआर असेल, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, तर मोडल्यावर तिचा हिशेबच बिघडतो. तेवढ्या दिवसांपुरती नुसती मेटफॉर्मिन लिहून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या पेटंट संपल्यावर स्वस्त झाल्या, पहिली २०२० मध्ये, दुसरी २०२५ मध्ये. आता त्या खेड्यापाड्यातल्या चिठ्ठ्यांवरही दिसतात. त्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात, सोबत पाणीही जातं. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी कमी पिऊन कडक उपवास केला तर अंगातलं पाणी आटतं, रक्तात आम्लही वाढू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर मशीनवर शुगर २०० दाखवत असली तरी दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव सांगा. अशा उपवासाआधी ही गोळी डॉक्टर बहुधा थांबवायलाच सांगतात.

सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांची फारशी चिंता नाही.

व्होग्लिबोज मात्र लक्षात ठेवा. ती साखरेचं पचन लांबवते, म्हणून ती चालू असताना शुगर उतरली तर साखर, गूळ, पेढा यांचा गुण यायला वेळ लागतो. घरात ग्लुकोज पावडर ठेवा. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

खरं तर नवरात्रात शुगर वाढलेलीच मी जास्त बघतो. साबुदाणा, बटाटा, रताळं, वर गोड चहा. याला उपवास म्हणतात, एवढंच! थोडी भगर आणि शेंगदाण्याची आमटी त्यापेक्षा बरी, पण भगरही ताट भरून नको.

घट बसायच्या आठवडाभर आधी सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. आई दिवसातून कितीदा, काय खातात ते खरं सांगा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, वर्षभरात केली नसेल तर तो रिपोर्टही काढून न्या. किडनी मंदावलेली असेल तर मेटफॉर्मिनचा डोस बदलतो आणि शुगर उतरण्याचा धोका वाढतो.