वाचकांचे प्रश्न : सोरोरिटीत जायचंय

प्रश्न : मुलगी ऑगस्टपासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकते. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या सोरोरिटीत (मुलींच्या संघटनेत) जायचं म्हणते. भारतीय मुलींना घेतात का? – एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : घेतात, वंशाची अट नाही. अशा चार प्रमुख सोरोरिटींपैकी अल्फा कप्पा अल्फा (१९०८), डेल्टा सिग्मा थीटा (१९१३) आणि झीटा फाय बीटा (१९२०) हॉवर्डमध्येच जन्मल्या. चौथी सिग्मा गॅमा ऱ्हो, बटलर विद्यापीठातली (१९२२). चारपैकी एकीचंच सदस्य होता येतं, तेही आयुष्यभरासाठी. म्हणून निवड इतिहास वाचून करावी.

पहिल्या सत्रात घाई नको. आधी गुण आणि समाजसेवेची नोंद हवी. कुठे, किती तास, कुणाच्या सहीने, हे तिने आत्तापासून लिहून ठेवावं. प्रवेशाची सूचना निघाली की माहितीसभा, अर्ज, गुणपत्रक, शिफारसपत्रं, मुलाखत असा क्रम असतो. मुदत फार थोडी मिळते, शुल्क शेकडो डॉलर.

बऱ्याच जणी एका गोष्टीत चुकतात. सदस्य होण्याआधीच सोरोरिटीची ग्रीक अक्षरं असलेले कपडे घालणं किंवा तिच्या हातखुणा करणं अनादर मानतात. आपली इच्छा समाजमाध्यमांवर तर मुळीच जाहीर करू नये.

रॅगिंगला सक्त बंदी आहे. 'प्लेजिंग' (सदस्य होण्याआधीचा उमेदवारीचा काळ) १९९० मध्येच बंद झालं. कुणी चोरून राबवून घेतलं, मारहाण केली, तर थेट विद्यापीठाकडे तक्रार करावी.