ड्रोन: माशी, विमान की तंबोरा?

तुमचा प्रश्न असा: इंग्रजी लेखात ‘द ड्रोन ऑफ द तानपुरा’ असं वाचलंत. शब्दकोशात पाहिलं तर पहिला अर्थ नर मधमाशी, दुसरा कंटाळवाणा आवाज. मग तंबोऱ्याचं मराठीत करायचं काय?

शब्दकोश बरोबरच आहे. ड्रोन ही मुळात माशीच, म्हणजे मोहोळातला नर. त्याला नांगी नाही, मध गोळा करणं नाही, राणीमाशीशी संग एवढंच काम. थंडीच्या देशांत हिवाळा तोंडावर आला की कामकरी माशा या नरांना चक्क पोळ्याबाहेर हाकलतात. त्यावरून इंग्रजीत ऐतखाऊ माणसालाही ड्रोन म्हणतात. आणि तो उडताना जो जाडसर, खालच्या पट्टीतला घूंऽऽ आवाज येतो, तोही ड्रोन. डासाच्या आवाजाला हा शब्द सहसा लावत नाहीत, कारण तो फार बारीक आणि वरचा असतो. लांबून जाणारं विमान, पंप, हायवेवरची रहदारी, यांना लावतात. मराठीत तिथे घरघर किंवा घोंघावणं चपखल बसतं.

विमानाचं नाव मात्र फिरून आलंय. १९३५ साली ब्रिटिशांनी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी रेडिओवर चालणारं, वैमानिकाशिवाय उडणारं विमान केलं. त्याचं नाव ‘क्वीन बी’. अमेरिकन आरमाराने आपल्या तसल्या विमानांना ड्रोन म्हणायला सुरुवात केली ती या राणीमाशीवरूनच, असं सांगतात.

माणूस ‘ड्रोन ऑन’ करायला लागला तर मराठीत शब्दांची चंगळ आहे. तेच तुणतुणं वाजवणं, चऱ्हाट वळणं, गुऱ्हाळ लावणं. ‘ही ड्रोन्ड ऑन अबाउट हिज प्रमोशन’ याचं ‘त्याचं प्रमोशनचं चऱ्हाट संपेचना’ असं करा. ‘तो एकसुरी आवाजात बोलत राहिला’ हे शाळेतलं भाषांतर.

आता तंबोरा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागातले. घरी आत्याचा तंबोरा आहे. एका बैठकीच्या इंग्रजी पत्रिकेचं मराठी करायला मला दिलं होतं आणि मी शब्दकोश उघडून बिनदिक्कत लिहिलं, ‘तंबोऱ्याची एकसुरी गुणगुण’. आत्याने कागद वाचला, काही न बोलता तंबोरा पुढ्यात घेतला. पंचम, मग जोडीचे दोन षड्ज म्हणजे सा, मग खर्ज, म्हणजे खालचा सा. आधी आवाज नुसता ठक्क, कोरडा. मग तिने घोडीवर तारेखाली असतो तो दोरा नखाने किंचित, अगदी गव्हाच्या दाण्याएवढाही नाही, सरकवला. तार एकदम बोलायला लागली. “खर्जात काय ऐकू येतंय?” थोडा वेळ कान दिल्यावर कळलं. गंधार, म्हणजे ग! गंधाराला लावलेली तार चारांत एकही नव्हती. “याला एकसुरी म्हणतोस होय रे गाढवा?”

तेव्हा तिथे ‘तंबोऱ्याचा अखंड षड्ज’ किंवा ‘आधारस्वर’ लिहा. साध्या मजकुरात ‘तंबोऱ्याचा सूर’ पुरेसं आहे. संगीतातल्या ड्रोनला इंग्रजीतही कंटाळ्याची छटा नसते. स्कॉटिश बॅगपाइपला एकच स्वर धरून ठेवणाऱ्या तीन नळ्या असतात, त्यांचं नावच ड्रोन. आपल्याकडे सनईवाल्याशेजारी सूर धरून बसणारा असतो, तेच काम.

परवा भाच्याच्या लग्नात सगळेच अर्थ एका मांडवात आले. सनईचा सूर चालू, एक काका व्याह्यांना आपल्या बदल्यांचा इतिहास सांगताहेत, आणि ऐन मंगलाष्टकात डोक्यावर कॅमेऱ्याचं ड्रोन. आत्या अक्षता मुठीत धरून वर बघत राहिली. म्हणाली, “सनई काळी एकमध्ये आहे. त्या मुलाला सांग, याची पट्टी तरी जुळवून आण.”