आरशासमोर ‘मी बेस्ट आहे’ म्हणून खरंच काय होतं?

प्रश्न : ताई, मी देवगड तालुक्यात राहतो, वय २७. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, मुंबईत दोन वर्षं नोकरी केली, कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही म्हणून गेल्या वर्षी गावी आलो तो इथंच आहे, बाबांबरोबर आंब्याची कलमं बघतो. गणपतीत चाकरमानी आले की प्रत्येकाचा एकच प्रश्न, मग, सध्या काय चाललंय? मी ‘बागेत असतो’ म्हटलं की समोरचा ‘अरे वा’ म्हणतो, आणि ते अरे वा कसलं असतं ते मला बरोबर कळतं. मी स्वतःला वर काढायला खूप काय काय केलं. आत्मविश्वासावरची पाच पुस्तकं घेतली, रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोटिवेशनल व्हिडिओ बघितले, शेवटी २,९९९ रुपये भरून २१ दिवसांचा एक ऑनलाइन कोर्सपण घेतला. त्यात रोज सकाळी आरशात बघून ‘मी यशस्वी आहे, मी जिंकण्यासाठीच जन्मलोय’ असं वीस वेळा म्हणायचं होतं. आठव्या दिवशी आईने दाराबाहेरून विचारलं, ‘कोणाशी बोलतंस रे?’ आणि मी बंद केलं. आता तर जास्तच वाईट वाटतं, की एवढं साधंपण आपल्याला जमलं नाही. या सेल्फ-हेल्पने खरंच कोणाचा आत्मसन्मान वाढतो का, की सगळा धंदा आहे?

उत्तर : आईने प्रश्न अगदी मोक्याचा विचारला, कोणाशी बोलतंस? कारण आरशातला जो होता त्याला यातलं एक वाक्य पटत नव्हतं आणि तू त्याला वीस वेळा तेच ऐकवत होतास.

तुला जे झालं ते तुझ्या कमकुवतपणामुळे नाही, याची नीट तपासणी झालेली आहे. कॅनडात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रयोग छापले. लोकांना ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य मनात घोळवायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना थोडं बरं वाटलं, तेही थोडंच. पण ज्यांचा कमी होता त्यांना ते वाक्य म्हटल्यावर, न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे औषध ज्याच्यासाठी बाटलीत भरलं त्यालाच बाधलं. असं का होतं? आपल्या आत एक वकील बसलेला असतो, आपण ‘मी यशस्वी’ म्हटलं रे म्हटलं की तो फाइल उघडतो, कॉन्ट्रॅक्ट गेलं ते पान, चुलत भावाने फ्लॅट घेतला ते पान, आणि तो वीस वेळा केस जिंकतो. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात कमी आत्मसन्मानवाल्यांना ‘हे वाक्य कुठे खरं आहे आणि कुठे नाही, दोन्ही बघा’ असं सांगितलं तेव्हा, ‘फक्त खरं कसं ते बघा’ सांगितलेल्यांपेक्षा त्यांची अवस्था बरी राहिली.

आणि ते २१ दिवस. हा आकडा कुठून आला माहितीय? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं की ऑपरेशननंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान २१ दिवस तरी लागतात. त्यातला ‘निदान’ गळला आणि बाकीचं जगभर विकलं गेलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी सवयी मोजून बघितल्या तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८ तर कोणाला २५४. तू आठव्या दिवशी थांबलास म्हणून नापास नाही झालास, ती परीक्षाच बोगस होती.

मग सगळा धंदा का? नाही. धंदा भरपूर आहे, पण सगळं तसं नाही. वाचून नुसतं अंगात वारं भरतं ते साहित्य वेगळं आणि हातात पेन घ्यायला लावतं ते वेगळं. दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे सीबीटीसारख्या (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराच्या) पद्धतीवर बेतलेलं, ज्यात विचार कागदावर उतरवून तपासायचा असतो, त्याचा उपयोग होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि मध्ये मध्ये कोणीतरी ‘या आठवड्यात केलंस का?’ विचारणारं असेल तर एकट्याने करण्यापेक्षा जास्त होतो. सौम्य डिप्रेशनला तर ब्रिटनमध्ये अशी मार्गदर्शन घेऊन करायची स्व-मदत अधिकृतपणे सुचवतात. तेव्हा त्या पाच पुस्तकांपैकी एखाद्यात रिकाम्या रेघा भरायच्या पानांचा भाग असेल तर तेवढंच ठेव, बाकीची वाचनालयाला देऊन टाक, अगदीच टाकवत नसतील तर. (माझ्याकडेही अशी एक थप्पी होती, वाळवीने माझ्याआधी वाचून संपवली.)

आता तुझं ते ‘अरे वा’ घेऊया, कारण माझ्या मते खरं काम तिथंच आहे. एक वही घे. काय घडलं ते लिही, अमका असं असं म्हणाला. मग मला काय वाटलं ते लिही, ‘हा माझी कीव करून बोलतोय, मुंबईतून हाकललेला समजतोय.’ मग खाली, त्याला हेच म्हणायचं होतं याला माझ्याकडे पुरावा काय? तू ऐकलेस दोन शब्द, बाकीचा परिच्छेद तुझा आहे. असेल त्यातला एखादा कुत्सितही, मी नाही म्हणत नाही, आपली माणसं मला माहितीयत. पण एखादा डोंबिवलीहून रोज चेंगरून लोकलने जाणारा असेल ज्याला तुझा हेवा वाटत असेल, त्याला तू कधी विचारलंस? या शिमग्याला एकाला तरी विचार. नुसतं ‘तू अरे वा म्हणालास म्हणजे नक्की काय रे?’ एवढंच. आलेलं उत्तर वहीत लिही, तुझ्या अंदाजाच्या शेजारी.

दुसरी गोष्ट जरा लांबण लावून सांगते. मी लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासरी आंबे काढायला गेले होते, हौस म्हणून. झेला हातात दिला, बांबू केवढा लांब, वर मान करून करून मानेला रग लागली, आणि पहिले सात-आठ आंबे मी देठ मोडून काढले. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, साल काळी पडते आणि तो आंबा पेटीत न जाता कॅनिंगला जातो. सासरे काही बोलले नाहीत, माझे आंबे वेगळ्या क्रेटमध्ये टाकत गेले फक्त. दुपारपर्यंत कसा तो झेल्याचा कोन आणि तो एक हलका झटका हाताला कळला आणि आंबे देठासकट यायला लागले. त्या दिवशी मला जे वाटलं ते कुठल्या व्हिडिओने कधी वाटलेलं नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच मांडलं, की ‘मला हे जमतं’ हा विश्वास कुणी धीर दिल्याने येतो, दुसऱ्याचं बघून येतो, पण सगळ्यात घट्ट येतो तो स्वतः करून जमल्यावर. आणि २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि इतरांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र बघितले तर असं दिसलं की आत्मसन्मान वाढवला म्हणून मुलांचे मार्क वाढतात असं काही होत नाही, उलट मार्क चांगले पडले की आत्मसन्मान वाढतो असंच जास्त दिसतं. कोर्सवाले बैलगाडी उलटी जुंपतात ती इथं.

तेव्हा या सीझनला असं एक काम धर जे तुला आत्ता येत नाही पण दोन महिन्यांत येईल. तू मेकॅनिकलचा आहेस, फवारणीचा पंप बिघडला की तुम्ही कोणाकडे नेता? तो तू खोल. पहिल्यांदा दोन स्क्रू जास्त उरतील, उरू देत.

मात्र एक सावधगिरी. ‘पंप जमला म्हणून मी चांगला’ असं केलंस तर उद्या पंप बिघडला की परत तू वाईट. अल्बर्ट एलिस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणायचे की माणसाच्या कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका, आणि ते आत्मसन्मान या शब्दापेक्षा स्वतःचा विनाअट स्वीकार म्हणायचे. ही विचारसरणी मराठीत कि. मो. फडक्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून आणली, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतही त्यावर बरंच काम चालतं, मराठीत मिळतं ते आधी बघ, अमेरिकन उसनं आणण्याआधी. तुझ्या घरीच बघ ना, आंब्यात साका (आतला खराब झालेला गर) निघाला तर बाबा तो आंबा बाजूला ठेवतात, कलम तोडायला कोयता नाही घेत.

पैसे गेल्याचं मनाला लावून घेऊ नकोस, रिफंडची मुदत असेल तर मेल टाक. आणि नोकरी नाही हा तुझ्या डोक्यातला दोष नाही, ती खरीच अडचण आहे, वहीने ती सुटणार नाही, तिला अर्जच करावे लागतील.

एक विचारायचंच राहिलं. दोनला झोपतोस ते व्हिडिओमुळे की झोपच येत नाही म्हणून? दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर वही बाजूला ठेव आणि डॉक्टरला दाखव, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे, नावाला घाबरू नकोस, बरेच लोक सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येतात. जगण्यात अर्थ नाही असलं काही मनात येत असेल तर १४४१६ वर लगेच फोन लाव, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, चित्रं छान काढते पण स्वतःला कमी समजते. तिचा कॉन्फिडन्स वाढावा म्हणून मी प्रत्येक चित्राला ‘जगात भारी’ म्हणते, तर ती हल्ली चित्र दाखवतच नाही. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या सुट्टीतल्या क्लासला घालू का? (गुहागर)

उत्तर : क्लासला घाला, तिला जायचं असेल तर. पण आधी ते ‘जगात भारी’ बंद करा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मुलांवर हेच बघितलं, चित्राला अतिशयोक्त शाबासकी मिळाली की कमी आत्मसन्मानाची मुलं पुढे अवघड चित्र निवडायचं टाळतात. साहजिक आहे हो, एकदा जगात भारी झाल्यावर पुढचं चित्र साधं आलं तर काय तोंड दाखवायचं? आणि गोची अशी की मोठी माणसं अशी फुगवलेली शाबासकी नेमकी अशाच मुलांना जास्त देतात, चांगल्या हेतूनेच.

त्याऐवजी चित्राजवळ जरा बसा. ‘या होडीचं शीड असं का वळवलंस, वारा कुठून येतोय?’ असं काहीतरी विचारा आणि ती सांगेल ते ऐका. नाही आवडलं एखादं तर नाही म्हणा. आणि काढल्या काढल्या फोटो स्टेटसला टाकत असाल तर आधी तिला विचारा.