दुर्गम डोंगराळ गावात शाळा बांधताना खरी अडचण कशाची असते?

माझ्या मते सामानाच्या ने-आणीची. दगड आणि माती गावातच मिळते. पण पत्रे, खिळे, काचा माणसांच्या पाठीवरून वर चढवाव्या लागतात. नेपाळमधील खुमजुंग या सुमारे ३,७९० मीटर उंचीवरील शेर्पा गावात एडमंड हिलरी यांनी ग्रामस्थांच्या मागणीवरून १९६१ मध्ये शाळा उभारली, तेव्हा तिच्यासाठी भारतातील एका कंपनीने भेट दिलेली ॲल्युमिनियमची इमारत वापरण्यात आली. पुढे शाळा व रुग्णालयांचे साहित्य आणणे सोपे व्हावे म्हणून १९६४ मध्ये लुक्ला येथे धावपट्टी तयार झाली, आणि तिची भुसभुशीत माती दाबण्यासाठी शेर्पांनी तिच्यावर पाय आपटत नाच केला. (आज एव्हरेस्टकडे निघालेले बहुतेक पर्यटक याच धावपट्टीवर उतरतात.)

इमारतीनंतर प्रश्न येतो शिक्षकाचा. खुमजुंगचे पहिले शिक्षक दार्जिलिंगहून आलेले शेर्पाच होते, म्हणजे मुलांची बोली त्यांना परकी नव्हती. असा माणूस मिळाला तरी तो हिवाळ्यात टिकायला हवा. म्हणून अंदाजपत्रकात वर्गखोलीच्या जोडीला शिक्षकाची निवासाची खोली आणि सरपणाचा खर्च सुरुवातीलाच धरावा.