प्रश्नोत्तरे : 1940 च्या आकाशातला तुमचा नायक

ब्रिटनवरच्या हवाई लढाईतल्या वैमानिकांवर फॅनफिक्शन लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. ब्रिटिश नोंदींत ही लढाई 10 जुलै ते 31 ऑक्टोबर 1940 अशी धरतात. शेवटचा प्रश्न सोडला तर उत्तरं याच काळापुरती आहेत.

प्रश्न : माझा नायक स्पिटफायरमधून अर्धा तास झुंजतो आणि एका उड्डाणात पाच विमानं पाडतो. पटेल का?

पाच विमानांचं बाजूला ठेवू, आधी अर्धा तास अडतो. स्पिटफायर मार्क 1 या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांत .303 च्या आठ ब्राउनिंग मशीनगन असत आणि प्रत्येकीला 300 गोळ्या. एकेकीतून मिनिटाला साधारण 1,150 गोळ्या सुटत, म्हणजे सुमारे 15 सेकंदांत पेट्या रिकाम्या. त्यामुळे वैमानिक दोन-तीन सेकंदांपुरतंच बटण दाबायचा. गोळ्यांचे झोत पुढे एका जागी मिळावेत म्हणून बंदुका किंचित आत वळवून बसवत. ही जागा आधी 400 यार्डांवर होती, अनुभवानंतर अनेकांनी ती 250 वर आणून घेतली. तुमचा नायक 600 यार्डांवरून मारा करत असेल तर तो गोळ्या उधळतो आहे. नवख्यांची हीच चूक व्हायची, त्यामुळे पात्र नवखं असेल तर ती मुद्दाम ठेवा.

एक बारकावा जरूर वापरा. उड्डाणाआधी आर्मरर (शस्त्रं सांभाळणारे) बंदुकांच्या तोंडांवर कापडी पट्टी चिकटवायचे, वरच्या थंडीत आतली यंत्रणा गोठू नये म्हणून. पहिल्याच फैरीत ती फाटायची आणि परतताना उघड्या भोकांतून वारा शीळ घालायचा. मैदानाच्या कडेला उभ्या फिटर-रिगरना, म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्यांना, विमान टेकण्याआधीच कळायचं, गोळीबार करून आलाय. वाट पाहण्याचा प्रसंग लिहिताना घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा ही शीळ कितीतरी जास्त काम करेल.

आणखी एक चूक बऱ्याच कथांत दिसते. शत्रूनं सूर मारला की नायकही विमानाचं नाक झटकन खाली दाबतो. तसं केलं की स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन गचके खायचं. मेसरश्मिट 109 ला थेट इंधन फवारणी होती, तिला ही अडचण नव्हती, म्हणून जर्मन वैमानिक नेमका हाच डाव टाकून निसटायचे. ब्रिटिश वैमानिक आधी विमान उलटं करत आणि मग खाली ओढत. त्यात मोलाचे क्षण जायचे. अभियंता बीॲट्रिस शिलिंग यांची छोट्या भोकाची चकती या दुखण्यावर तोडगा म्हणून आली ती 1941 च्या सुरुवातीला. 1940 च्या कथेत ती नको.

प्रश्न : झुंज चालू असताना दोन मित्र रेडिओवर मनातलं बोलतात. चालेल?

नाही. एक जण बोलत असला की त्या फ्रिक्वेन्सीवर बाकी सगळ्यांची तोंडं बंद, आणि त्यात मागे शत्रू लागल्याची सूचनाही अडकते. बोलणं तुटक असे: ‘व्हेक्टर वन-टू-झिरो, एंजल्स फिफ्टीन’, म्हणजे 120 अंशांवर जा, उंची 15,000 फूट. ‘बँडिट्स’ म्हणजे शत्रू, ‘बस्टर’ म्हणजे पूर्ण वेग, ‘पॅनकेक’ म्हणजे उतरा. शिवाय ठरावीक विमानांत ‘पिप-स्क्वीक’ नावाचं यंत्र दर मिनिटाला 14 सेकंद आपोआप संदेश सोडायचं. जमिनीवरच्यांना त्यावरून स्क्वाड्रन कुठे आहे ते कळायचं, पण तेवढा वेळ त्या वैमानिकाला बोलता येत नसे. मित्राला सावध करायचं आहे आणि ही 14 सेकंदं संपत नाहीत, असा प्रसंग लिहून पाहा. मनातलं बोलणं उतरल्यावर, गवतावर.

प्रश्न : नायक भाजतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा उडतो. वाचक म्हणतात, खोटं वाटतं.

वाचकांचं बरोबर आहे. स्पिटफायरची 85 गॅलनची टाकी दोन भागांत, वैमानिकाच्या अगदी पुढ्यात होती. ती पेटली की आधी चेहरा आणि हात भाजत. गॉगल कपाळावर सरकवला असेल तर पापण्या जात, हातमोजे काढले असतील तर बोटं. ईस्ट ग्रिनस्टेडच्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी अशांवर उपचार केले. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा अधिक चांगल्या दिसतात हे हेरून त्यांनी खारट पाण्याच्या अंघोळी सुरू केल्या आणि जखमेवर कडक खपली धरवणारं टॅनिक ॲसिड बंद करायला लावलं. नवं नाक किंवा पापणी घडवायची तर शस्त्रक्रियांची रांगच लागे, मध्ये कित्येक आठवडे थांबावं लागे. एकेका रुग्णाचं एक-दोन वर्षं हे चालायचं. वॉर्डात रुग्णांच्या ठरीव पोशाखाऐवजी गणवेश घालायची मुभा होती आणि बिअरचं पिंपही असे. 1941 मध्ये या रुग्णांनी ‘गिनी पिग क्लब’ काढला. जिव्हाळ्याचे प्रसंग लिहायला ही जागा फार समृद्ध आहे. पंधरा दिवसांत उरकू नका.

प्रश्न : सार्जंट वैमानिक आणि फ्लाइट लेफ्टनंट रोज एकत्र जेवतात, असं दाखवलंय.

सार्जंट आणि अधिकारी यांच्या मेस वेगवेगळ्या होत्या. भेट डिस्पर्सलच्या (विमानं पांगवून उभी करायच्या जागेच्या) झोपडीत किंवा गावातल्या पबमध्ये घडवा.

प्रश्न : ऑगस्ट 1940 च्या लढाईत भारतीय हवाई दलातला मराठी नायक घालता येईल?

ऑगस्टमध्ये नाही. भारतीय हवाई दलाच्या 24 वैमानिकांची तुकडी ब्रिटनला पोचली ती ऑक्टोबर 1940 मध्ये, आणि आधी तिचं तिथलं प्रशिक्षण झालं. त्यांतले महिंदर सिंग पुज्जी पुढे पगडी घालूनच हरिकेन उडवत. कथा 1941 मध्ये सरकवली तर नायक या तुकडीत बसतो. नाहीतर त्याला जपान्यांविरुद्धच्या 1944 च्या इम्फाळच्या लढाईत न्या. तिथे अर्जन सिंग यांच्या हाताखालची 1 क्रमांकाची स्क्वाड्रन हरिकेनवर टेहळणी करत होती. मराठी नाव अजिबात खटकणार नाही, कारण पुढे 1976 मध्ये हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर 1940 मध्येच दलात आले होते. फक्त नायकानं इम्फाळहून घरी धाडलेल्या पत्रावर ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ लिहू नका. ‘रॉयल’ हा शब्द मार्च 1945 मध्ये जोडला गेला.