गावालगतच्या जंगलात फासे लावणारे आणि फिरायला जाणारे, दोघांचं कसं जमवायचं?

भाऊ, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत परवाना काढून सापळे लावता येतात, म्हणून तिथे पायवाटेपासून किती लांब लावायचे हा वाद असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फासा लावणं म्हणजेच शिकार. त्यामुळे जमवून घ्यायचा प्रश्नच येत नाही. जमवायचं ते मोहफुलं वेचणाऱ्या बाया, गुराखी आणि पक्षी बघणाऱ्यांनी आपसात.

फासा बहुतेक गाडीच्या क्लच वायरचा असतो, डुकराच्या पाऊलवाटेवर, कुंपणाच्या खिंडीत. तुमचा कुत्रा अडकला तर ओढू नका, ओढलं की तार आणखी आवळते. आधी दुपट्ट्याने त्याचं तोंड बांधा, मग त्याला तार बांधलेल्या खुंट्याकडे सरकवून तार सैल करा. रिकामा फासा दिसला तर फोटो काढून वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

आणि लावणाऱ्याशी भांडत बसू नका. पुष्कळदा तो वावर डुकरांनी नांगरून टाकलेला शेतकरीच असतो. पीकनुकसानीची भरपाई वनखातं देतं. पंचनाम्याला खेटे मारावे लागतात ते वेगळं. अर्ज भरायला त्याला हात द्या. धुऱ्यावर तारेत करंट सोडलेला असेल तर मात्र त्याच दिवशी वीजवाल्यांना सांगा, त्याने माणसंही मरतात.